आफ्रिकेस निघण्यापूर्वी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची एक दर्यावर्दी मार्गदर्शिका उपलब्ध आहे. कोणत्या बंदरी कोणता माल खपतो, कोणत्या ऋतूत कोणता वारा धरावा आणि कोठे धोका संभवतो, एवढेच व्यवहारोपयोगी ज्ञान देण्याचा तिच्या अज्ञात कर्त्याचा हेतू होता. त्या ग्रंथात आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख ‘कॅलिएना’ या नावाने आला असून, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड भरून निघालेली गलबते आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यास लागत, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे ठाणे-कल्याणच्या खाडीचा आणि आफ्रिकेचा परिचय आजकालचा नाही. आज ती गलबते नाहीत. परंतु मुंबईहून नैरोबीस विमान सुमारे सहा तासांत पोहोचते, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील माणसे कधी अरण्ये पाहण्यासाठी, कधी किलिमांजारो चढण्यासाठी, कधी नोकरीनिमित्त, तर कधी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक वा अभियंता या नात्याने काही काळ सेवा करण्यासाठी त्या खंडाकडे प्रस्थान ठेवतात. जाऊन आलेल्यांचे अनुभव ऐकताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते: ज्याची पूर्वतयारी चोख, त्याला त्या भूमीने भरभरून दिले, ज्याने केवळ उत्साहावर भिस्त ठेवली, तो स्वतः कष्टी झाला आणि यजमानांवरही भार होऊन राहिला. पूर्वतयारी हे यजमानाविषयीच्या आदराचे पहिले लक्षण होय, या भूमिकेतून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

प्रयोजन लिहून काढावे

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले आणि ‘तू का जातेस, येथेच का शिकत नाहीस, एकटी का निघालीस’ असे जे प्रश्न लोक त्यांना वारंवार विचारीत होते, ते एकेक घेऊन त्यांची निःसंकोच उत्तरे दिली. दूरदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने हा परिपाठ गिरवावा, असे मला मनापासून वाटते. सभा भरविण्याचे कारण नाही. एक कोरा कागद घेऊन त्यावर आपण का जात आहोत, त्याच देशी का जात आहोत, तेथील कोणी आपणास बोलाविले आहे काय, आणि आपण परतल्यानंतर तेथे काय उरेल, या चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उत्तर ‘प्राणी पाहावयाचे आहेत’ असे असल्यास त्यात उणेपणा काहीच नाही. प्रवासाचा आनंद हे एक प्रामाणिक प्रयोजनच आहे. अडचण उद्भवते ती सहलीला सेवेचे नाव दिल्यामुळे, अथवा सेवेसाठी जाऊन मन सहलीत गुंतविल्यामुळे. दोन्ही हेतू असतील तर दोहोंसाठी स्वतंत्र दिवस राखावेत आणि यजमान संस्थेस तसे आरंभीच कळवावे.

पूर्वसूरींकडून काय घ्यावे

१९१२ सालच्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केप टाऊन येथे उतरले आणि सुमारे महिनाभर दक्षिण आफ्रिकेत हिंडले. प्रकृती क्षीण असतानाही, मंत्र्यांची भेट घेण्यापूर्वी तेथील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांचा समग्र इतिहास त्यांनी गांधीजींकडून रात्री जागून समजावून घेतला आणि प्रत्येक तपशिलाची खातरजमा केल्यावाचून ते वाटाघाटीस बसले नाहीत. त्या दौऱ्यात त्यांनी मराठीतही भाषणे केली व गांधीजींनी त्यांचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. कारण श्रोत्यांत मायबोली ऐकण्यास आतुर झालेले कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. ज्या प्रश्नाला हात घालावयाचा त्याचा अभ्यास प्रथम, बोलणे नंतर, हा या दौऱ्याचा धडा स्वयंसेवकाने शिरोधार्य मानावा.

दुसरे उदाहरण औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचे. १९४८ साली ते स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले, तेव्हा तेथील समाज गोरे, हिंदी आणि आफ्रिकी अशा तीन स्तरांत विभागलेला होता आणि मधल्या स्तरावरील हिंदी व्यापारी-कारकून वर्गाला आपले हित वरच्या स्तराशी निगडित आहे असे वाटण्याचा मोह पडत होता. पंतांनी आपल्या देशबांधवांना आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांशी एकरूप होण्यास सांगितले, आफ्रिकी नेत्यांशी स्नेह जोडला, आणि त्यांच्या मुलांना भारतात उच्च शिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्यांची तजवीज केली. वसाहतीच्या सरकारची त्यांच्यावर इतराजी झाली आणि १९५४ साली त्यांचा तेथील कार्यकाल संपला. परंतु मैत्री कोणाशी करावयाची, याविषयी त्यांनी घालून दिलेला दंडक आजही लागू आहे. परदेशी गेल्यावर आपल्या माणसांचा आधार अवश्य घ्यावा. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे, आणि अनोळखी नगरीत पहिल्या रात्री मराठी शब्द कानी पडला म्हणजे मनाला केवढा धीर येतो हे गेलेल्यासच ठाऊक. तथापि संपूर्ण मुक्काम त्याच वर्तुळात घालविणे म्हणजे डोंबिवलीतून निघून डोंबिवलीतच राहण्यासारखे आहे.

सातारा येथे जन्मलेले काका कालेलकर हेही १९५० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गेले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक गुजराती वाचकांच्या हाती दिले. युगांडातील जिंजा येथे, जेथे नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते, तेथे १९४८ साली गांधीजींच्या रक्षेचा काही अंश विसर्जित झाला होता. आज तेथे त्यांचे स्मारक आहे आणि युगांडास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ते स्थळ चुकवू नये.

या इतिहासाची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे ३२ हजार हिंदी मजूर करारावर नेण्यात आले आणि त्यांतील जवळजवळ अडीच हजार तेथेच मृत्युमुखी पडले. १८५३ साली देशातील पहिली आगगाडी ज्या ठाण्यास आली, तेथील वाचकास या आकड्यांचा अर्थ निराळा सांगण्याचे कारण नाही. पुढे १९७२ साली युगांडातील इदी अमीनच्या राजवटीने आशियाई रहिवाशांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हिंदी माणसाकडे तेथे कोणी आपुलकीने पाहतो, तर कोणाच्या मनात दुकानदार व मालक या नात्याची जुनी कटुता असते. दोहोंची कारणे या इतिहासात आहेत, आणि ती ठाऊक असलेला प्रवासी कोणाच्या रुक्ष शब्दाने विनाकारण दुखावत नाही.

सेवेसाठी जाणाऱ्याने संस्थेची पारख कशी करावी

स्वयंसेवकाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक येथेच घडते, म्हणून या विषयाचा विस्तार थोडा अधिक करतो. १९७० साली स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक यंत्रणा, जिचे मुख्य दप्तर जर्मनीतील बॉन येथे आहे, किंवा १९९९ सालचे शांतता नोबेल मिळालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था, स्वयंसेवकाची शैक्षणिक पात्रता व अनुभव कसून तपासते आणि त्याच्याकडून शुल्क घेत नाही. रोटरीच्या वतीने भारतीय डॉक्टरांची पथके १९९८ पासून आफ्रिकेत शस्त्रक्रियांची शिबिरे घेत आली आहेत. तेथेही निवड व्यावसायिक कौशल्यावरच होते. याउलट, भरभक्कम शुल्क घेऊन कोणासही, कोणत्याही पात्रतेवाचून, पंधरवड्यासाठी शाळेत, दवाखान्यात वा अनाथालयात ‘काम’ देणाऱ्या मध्यस्थांचा सुळसुळाट झाला आहे. शुल्क घेणारी प्रत्येक संस्था वाईट असते असे नव्हे. निवास व भोजनाचा खर्च स्वयंसेवकाने उचलणे न्याय्यच आहे. परंतु त्या रकमेचा किती भाग प्रत्यक्ष गावात पोहोचतो, याचा हिशेब लेखी मागावा. आणि तो देण्यास जी संस्था कां-कूं करील तिचा नाद सोडावा.

आणखी काही प्रश्न लेखीच विचारावेत. हे काम स्थानिक लोकांनी मागितले आहे, की संस्थेने योजिले आहे? आपल्या पूर्वी ते कोण करीत होते आणि आपल्यानंतर कोण करणार? जे काम तेथील गवंडी वा शिक्षिका वेतन घेऊन करू शकते, ते आपण फुकट करून कोणाची रोजी तर हिरावत नाही ना? लहान मुलांशी संबंध येणार असेल, तर संस्था पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मागते काय? न मागणाऱ्या संस्थेस मुलांच्या सुरक्षिततेची फिकीर नाही, असेच समजावे. अनाथालयांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. अशा संस्थांत ठेवलेल्या पुष्कळ मुलांच्या आईवडिलांपैकी एक तरी हयात असतो आणि दारिद्र्यामुळे मूल तेथे येते; दर पंधरा दिवसांनी नवा पाहुणा येऊन माया लावतो आणि निघून जातो, याचा त्या कोवळ्या मनांवर होणारा आघात कोणत्याही खाऊने वा खेळण्याने भरून निघत नाही. तेवढाच पैसा त्या मुलांना स्वतःच्या घरी राहून शिकता यावे म्हणून झटणाऱ्या स्थानिक संस्थेस द्यावा.

डॉक्टर, दंतवैद्य व परिचारिका यांनी त्या देशाच्या वैद्यक परिषदेकडून तात्पुरत्या नोंदणीचा परवाना रीतसर मिळवावा; आणि वैद्यकीय विद्यार्थ्याने एक नियम कधीही मोडू नये: जे करण्याचा अधिकार आपल्याला कळव्याच्या वा कल्याणच्या रुग्णालयात नाही, ते आफ्रिकेतल्या खेड्यातही करावयाचे नाही. तेथील रुग्णाचे शरीर सरावासाठी नसते.

माझी आग्रहाची सूचना अशी की, परदेशी सेवेपूर्वी एक संपूर्ण उन्हाळा आपल्याच जिल्ह्यातील शहापूर वा मुरबाड तालुक्यात, एखाद्या कातकरी किंवा ठाकूर पाड्यावर चालू असलेल्या कामात घालवावा. भातसा, तानसा, मोडकसागर यांसारखी मुंबईची तहान भागविणारी धरणे ज्या परिसरात आहेत, तेथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला टंचाई ही केवळ निसर्गाची अवकृपा नसून वाटपाचाही प्रश्न असतो, हे कळते. असा मनुष्य उत्तर केनियातील तुर्कानाच्या कोरड्या प्रदेशात गेला म्हणजे तेथील लोकांकडे नुसत्या अनुकंपेने पाहत नाही. तो त्यांना नेमके प्रश्न विचारतो. शिवाय परक्या घरी राहणे, मिळेल ते खाणे, आणि स्वतःच्या कल्पना बाजूला ठेवून ऐकणे आपल्याला कितपत साधते, याची परीक्षा घराजवळच होऊन जाते.

कागदपत्रे आणि परवाने

पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. केनियाने जानेवारी २०२४ पासून जुनी व्हिसापद्धत काढून टाकून प्रवासापूर्वी घ्यावयाची इलेक्ट्रॉनिक अनुमती सुरू केली आहे. केनिया, युगांडा व रवांडा या तीन देशांसाठी मिळून ९० दिवसांचा संयुक्त पर्यटन व्हिसाही मिळतो. हे नियम बदलत असतात, म्हणून ओळखीच्याने गतवर्षी काय केले यावर विसंबून न राहता त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत सूचना पाहाव्यात. एक बाब मात्र स्वयंसेवकाने पक्की ध्यानात ठेवावी: वेतन नसले तरी अनेक देशांच्या कायद्यात सेवा हे ‘काम’च गणले जाते, आणि पर्यटकाच्या परवान्यावर शाळेत शिकविणाऱ्यास दंड वा हद्दपारी होऊ शकते. ‘पर्यटक म्हणूनच या, पुढचे आम्ही पाहू’ असे सांगणारी संस्था आपल्याला कायदा मोडण्यास सांगत आहे, हे ओळखावे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी अधिक जपावे. दलालाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी आहे की नाही, याची रुजुवात ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. ती झाल्यावाचून एक पैसाही देऊ नये आणि मूळ पारपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तींना ज्या देशांत नोकरीस जाण्यासाठी सरकारची उत्प्रवास-अनुमती लागते, त्यांत आफ्रिकेतील लिबिया, सुदान व दक्षिण सुदान यांचा समावेश आहे. करारपत्रात वेतन, चलन, राहण्याची सोय, वैद्यकीय खर्च आणि परतीचे तिकीट यांचा स्पष्ट उल्लेख असावा. पोहोचताच भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे; संकटप्रसंगी ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार दाखल करता येते. सर्व कागदांच्या नकलांचा एक संच घरी ठेवावा आणि घरातील एका व्यक्तीस तो कोठे आहे हे सांगून ठेवावे.

आरोग्याचा बंदोबस्त

पीतज्वराची लस हा या प्रवासातील सर्वांत कडक नियम आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. हा रोग भारतात नाही, परंतु तो पसरविणारी डासाची जात आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. एका रुग्णाकडून तो येथे शिरला तर अनर्थ ओढवेल. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया अशा देशांतून परतणाऱ्याकडे वैध दाखला नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याचा अधिकार आपल्या विमानतळावरील आरोग्याधिकाऱ्यास आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला अमलात येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर हे काम टाकू नये. जुलै २०१६ पासून त्याची वैधता आजन्म धरली जाते. मुंबईत जे. जे. रुग्णालय तसेच विमानतळ व बंदर आरोग्य संघटना यांच्या केंद्रांवर ती मिळते. मात्र दिवस व वेळ आगाऊ विचारूनच घरून निघावे. नऊ महिन्यांखालील बालके, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, गर्भवती स्त्रिया आणि साठीपुढील व्यक्ती यांनी आधी डॉक्टरांचा विचार घ्यावा.

त्याहून मोठे भय हिवतापाचे. जगात हिवतापाने मरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक आफ्रिकेत मरतात, आणि तेथील प्रमुख जंतू मेंदूवर आघात करणारा आहे. आपल्याकडे लहानपणी हिवताप येऊन गेला म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा समज घातक आहे. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडावी. डॉक्सिसायक्लिन ही प्रवासाआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यानंतर चार आठवडे घ्यावी लागते, तर अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही परतल्यावर सात दिवस. घरी पोहोचल्यावर गोळ्या बंद करण्याची घाई अनेकांना भोवली आहे. मच्छरदाणी, अंगभर कपडे व डासविरोधी मलम यांना पर्याय नाही. व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवराच्या काठी पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात पोहू नये; तेथील गोगलगायींच्या आश्रयाने वाढणारा शिस्टोसोमा नावाचा कृमी त्वचेतून शरीरात शिरतो. विषमज्वर, कावीळ व धनुर्वात यांच्या लसी, आणि खेड्यात दीर्घकाळ राहणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस यांचा विचार करावा. रुग्णालयात काम करणाऱ्यास वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो ताबडतोब सुरू करावी लागतात. ती कोठे मिळतील, याची चौकशी कामाच्या पहिल्याच दिवशी करून ठेवावी. विम्यात विमानाने हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे ना, हे तपासावे; पूर्व आफ्रिकेत १९५७ पासून ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ची सेवा दुर्गम भागातून रुग्णांना नैरोबीस आणीत आली आहे.

किलिमांजारो चढणाऱ्या आपल्या गिरिप्रेमींना एक स्वतंत्र इशारा. सह्याद्रीतील सर्वोच्च कळसूबाई १६४६ मीटर, आणि किलिमांजारोचे शिखर ५८९५ मीटर आहे. हरिश्चंद्रगड वा माहुली पावसात लीलया चढणारे पाय तेथे उपयोगी पडतात, परंतु विरळ हवेची सवय कोणताही गड लावू शकत नाही. म्हणून चार-पाच दिवसांचा स्वस्त मार्ग न निवडता सहा-सात दिवसांचा निवडावा, डोकेदुखी वा ओकारी लपवू नये, आणि परवानाधारक वाटाड्याने ‘उतरा’ म्हटले तर वाद न घालता उतरावे. हमालांना योग्य वेतन व उबदार निवारा देणारीच कंपनी पत्करावी. आपल्या शिखराचा भार त्यांच्या खांद्यावरून वर गेलेला असतो.

सामान, पैसा, आहार आणि वेळ

आपल्याकडे प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधण्याची रीत आहे; ती घरीच सोडावी. रवांडाने २००८ मध्ये, केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये आणि टांझानियाने जून २०१९ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली असून ती कसोशीने पाळली जाते. चकल्या-लाडू डब्यांत भरावेत आणि कपडे सुती पिशव्यांत. केनिया, युगांडा व टांझानियात चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे प्लग चालतात. डॉलरच्या नोटा नव्या व न मळलेल्या घ्याव्यात. जुन्या मालिकेच्या नोटा बरेच व्यापारी नाकारतात. केनियात २००७ साली सुरू झालेली ‘एम-पेसा’ ही भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची पद्धत भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र चालते, म्हणून स्थानिक सिमकार्ड प्रथम घ्यावे.

शाकाहारी माणसाची उपासमार होईल ही भीती निराधार आहे. केनियात मक्याच्या पिठाचा उगाली, सुकुमा नावाची पालेभाजी, मका-घेवड्याचे गिथेरी आणि चपातीसुद्धा घरोघरी असते. युगांडात उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा मटोके शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर मिळतो. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी मांस व दूधदुभते वर्ज्य असल्याने इंजेरा व डाळींच्या पदार्थांचे ताट सहज मिळते. यजमानाच्या घरी आपला नियम पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावा. पानात वाढल्यावर नाकारणे त्यांना फार लागते.

पूर्व आफ्रिकेचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. शिवाय स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात हा त्यांचा पहिला तास. इथिओपियातही हीच रीत असून तेथील वर्षगणना आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. बसची वा सभेची वेळ ठरविताना ‘कोणत्या घड्याळाने’ हे विचारून घ्यावे. मार्च ते मे हा पूर्व आफ्रिकेतील दीर्घ पावसाचा काळ, आणि मसाई मारातील रानम्हशींसारख्या दिसणाऱ्या विल्डेबीस्टांचे महास्थलांतर पाहावयाचे तर जुलै ते ऑक्टोबर हा काळ धरावा.

तेथील वर्तन

बहुतेक आफ्रिकी समाजांत कामाचा विषय काढण्यापूर्वी कुशल विचारण्याची पद्धत आहे, आणि ते संक्षेपाने उरकणे उद्धटपणाचे मानतात. ही रीत आपल्या खेड्यांतही अजून जिवंत आहे, तेव्हा ती आत्मसात करणे आपल्याला जड जाऊ नये. छायाचित्र घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची, आणि मुलाचे असल्यास पालकांची, संमती घ्यावी. स्वतःच्या मुलाचे जे छायाचित्र आपण चारचौघांत दाखविणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाचेही दाखवू नये. सैनिकी ठाणी, पूल व सरकारी इमारती यांच्याकडे कॅमेरा रोखू नये. झांझिबार व लामूसारख्या मुस्लिमबहुल बेटांवर गावात फिरताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सर्व नागरिक ‘उमुगांडा’ हे सामुदायिक श्रमदान करतात. त्या दिवशी तेथे असाल तर हातात फावडे घ्यावे, कारण एका सकाळच्या त्या कामात जो परिचय होतो तो आठवडाभराच्या मुलाखतींनीही होत नाही.

या वर्तनाचा अभ्यास मात्र येथूनच सुरू व्हावयास हवा. मुंबई-पुण्यात शिकण्यास आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना भाड्याचे घर मिळविताना जी उत्तरे ऐकावी लागतात, लोकलमध्ये त्यांच्याकडे ज्या नजरा वळतात, त्या आपल्या शहरांना शोभणाऱ्या नाहीत. नैरोबीत आदरातिथ्याची अपेक्षा बाळगणाऱ्याने आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत असा विषय निघाल्यास त्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहावे. अप्पासाहेब पंतांनी ज्या देशांतील मुलांना शिष्यवृत्त्या देऊन बोलाविले, त्याच देशांतील मुलांना आपण दारातून परत पाठवावे, हे आपल्या नावाला कमीपणा आणणारे आहे.

परतल्यानंतर

परत आल्यावर काही आठवड्यांनी, किंबहुना वर्षभराच्या आत केव्हाही, ताप आला तर डॉक्टरांस पहिले वाक्य ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हेच सांगावे आणि त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. कल्याण-डोंबिवलीत पावसाळ्यात ताप म्हटला म्हणजे डेंग्यूचा संशय प्रथम येतो, आणि प्रवासाची माहिती न दिल्यास मोलाचा वेळ वाया जातो. सरोवरात उतरला असाल तर शिस्टोसोमाची तपासणी काही महिन्यांनी करून घ्यावी. संसर्गजन्य रोगांसाठी मुंबईत कस्तुरबा रुग्णालय आहे.

मग येते अनुभव सांगण्याची जबाबदारी. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे; ज्याने टांझानियातील एक जिल्हा पाहिला त्याने ‘आफ्रिकेत असे असते’ म्हणू नये, गावाचे व महिन्याचे नाव घेऊन सांगावे. रोजनिशी रोजच्या रोज लिहिली असेल तरच हे साधते. काय पाहिले, कोणी सांगितले आणि स्वतःचा तर्क कोणता, हे तीन प्रकार वहीत वेगळे ठेवावेत. ज्या कामात अपयश आले त्याची नोंद यशापेक्षा सविस्तर करावी, कारण पुढे जाणाऱ्याला तिचाच उपयोग अधिक. संस्थेने दिलेली आश्वासने पाळली की नाही, खर्च किती आला, कोणता कागद ऐनवेळी अडला, हेही लिहावे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करीत आहे. परतलेल्या प्रवाशाने अशा एखाद्या संस्थेत तास-दीड तास बोलावे, आणि आपल्या नोंदींची एक सुवाच्य प्रत तेथील ग्रंथपालांच्या अनुमतीने ठेवावी. पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणारी परिचारिका वा अभियंता ती वाचील, आपल्या चुका टाळील, आणि ज्या गावात आपण काम केले त्याच गावी पूर्वीच्या माणसाचे अर्धे राहिलेले काम पुढे नेण्यास जाईल. एकाच गावाशी असा वर्षानुवर्षांचा संबंध जडला म्हणजे तेथील लोक आपल्याकडे पाहुणे म्हणून न पाहता शेजारी म्हणून पाहू लागतात. आणि आपली मदत खरोखरी हवी की नको, हे सांगण्याचा अधिकारही ते मोकळेपणाने वापरतात. सेवेचे खरे मोजमाप तो अधिकार त्यांच्या हाती आला की नाही, यावर अवलंबून आहे.